मोटार जळण्याआधी प्रोग्रॅम स्क्रीनवर चालवून बघा

जमीन सुकली की पंप आपोआप चालू, ओल आली की बंद. विज्ञान प्रदर्शनात हे मॉडेल हमखास दिसतं. डिप्लोमा-आयटीआयची पोरं आता तोच प्रयोग घरच्या शेतात करू बघताहेत. पण बोर्ड, रिले, सेन्सर कुरिअरने मागवायचे, जोडायचे आणि पहिल्याच दिवशी काहीतरी जळायचं, असंही होतं. मग पुन्हा मागवा, पुन्हा वाट बघा.

त्याआधी एक फुकटचा टप्पा आहे. टिंकरकॅड किंवा वोकवी ही संकेतस्थळं ब्राउझरमध्ये उघडायची. स्क्रीनवरच अर्डुइनो ऊनो ठेवायचा, वायरी ओढायच्या, प्रोग्रॅम लिहून चालू करायचा. ओलाव्याच्या सेन्सरऐवजी पोटेन्शिओमीटर आणि मोटारीऐवजी साधा एलईडी पुरतो. पोटेन्शिओमीटर फिरवला की ० ते १०२३ असा आकडा बदलतो. म्हणजे जमीन सुकवणं-भिजवणं तुमच्या हातात.

आता एक चूक बघा, नवशिके हमखास करतात ती. पंप एक मिनिट चालवायचा म्हणून डिलेमध्ये ६० गुणिले १००० असं लिहितात. ऊनोवर साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जात नाही. त्यामुळे उत्तर ६०,००० न येता उणे ५,५३६ येतं आणि डिले त्यालाच प्रचंड मोठा आकडा समजतो. बोर्ड एक मिनिटाऐवजी सुमारे ४९ दिवस थांबतो! शेतात हे घडलं तर विहीर उपसून मोटार कोरडी पळणार, वाइंडिंग जाणार. स्क्रीनवर काय होतं? एलईडी विझत नाही, एवढंच. उपाय सोपा: गुणाकार न करता थेट ६०००० लिहा. गंमत म्हणजे ईएसपी३२ वर ही चूक दिसतच नाही, तिथे पूर्णांकाला जागा जास्त असते. म्हणून जो बोर्ड विकत घेणार, तोच स्क्रीनवर निवडा.

दुसरं, ‘५०० च्या खाली चालू, वर बंद’ असं लिहून बघा. आकडा ५०० च्या आसपास हलवला की एलईडी लुकलुकतो. खऱ्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर असा खडखडत राहिला तर किती दिवस टिकेल? चालू ४०० ला आणि बंद ६०० ला करा, लुकलुक थांबते.

पण स्क्रीनवरची वीज कायम शुद्ध ५ व्होल्ट असते, आपल्या डीपीवरची नसते. मातीत सेन्सर गंजतो, वायर ढिली होते, हे तिथे कळत नाही. बरेच रिले मॉड्यूल पिनवर शून्य व्होल्ट आलं की चालू होतात, तेव्हा लाइट जाऊन आल्यावर रिले काय करतो ते आधी नुसत्या बल्बवर तपासा. थ्री फेज स्टार्टरची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्या.