प्रकाशाची नांगरट

गेल्या वर्षी आमच्या बेलापूर गावठाणात एक विक्रेता आला. म्हणाला, "ही सोलरची काळी प्लेट लेसरची आहे. १०० वॅटची. रात्रीसुद्धा वीज देते!" शेजारच्या वहिनी पैसे काढू लागल्या. आम्ही म्हटले, "वहिनी, जरा थांबा."

लेसरची गोष्ट अगदीच खोटी नाही. ती नीट समजून घेऊ.

घट्ट, सपाट जमिनीवर पाऊस पडला की पाणी वाहून जाते. तीच जमीन नांगरली तर पाणी मुरते. उजेडाचेही तसेच आहे. सोलरच्या प्लेटमध्ये सिलिकॉन असतो. तो वाळूपासून काढतात. गुळगुळीत सिलिकॉनवर पडलेल्या उन्हाचा सुमारे तिसरा हिस्सा परत फिरतो. तेवढे ऊन फुकट गेले.

मग सिलिकॉन नांगरायचा कसा? लेसर म्हणजे एकाच दिशेने जाणारा उजेडाचा बारीक झोत. काही लेसर फार थोडा वेळ चमकतात. प्रकाश सेकंदात ३ लाख किलोमीटर धावतो. पण त्या चमकेच्या वेळात तो केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही! एवढ्यात उष्णता आजूबाजूला पसरणार कशी? चमक पडते तेवढीच जागा वितळते, उडते. अशा पुष्कळ चमका मारल्या की बारीक बारीक सुळके उभे राहतात.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मझूर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केला. १९९८ साली तो छापून आला. त्यांनी सिलिकॉन गंधक असलेल्या वायूत ठेवला होता. करडा सिलिकॉन काळा कुळकुळीत झाला. उजेड सुळक्यांत अडकून आत मुरू लागला. शिवाय गंधक आत मिसळला. नांगरटीबरोबर खतही पडले म्हणा ना! त्याने सिलिकॉनचा विजेचा गुण बदलला. एरवी आरपार जाणारे, डोळ्यांना न दिसणारे किरणही तो पकडू लागला. म्हणून अंधूक उजेडात पाहणाऱ्या कॅमेऱ्यात त्याचा उपयोग होतो.

आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, असे लेसर आहेत. पदार्थावर त्यांचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास तेथे चालतो.

पण लेसरने सिलिकॉनला बारीक इजाही होते. तेथे तयार झालेली वीज थोडी वाया जाते. म्हणून बाजारातल्या बहुतेक प्लेटांचा सिलिकॉन रसायनाने खरबरीत करतात. काळी दिसली म्हणजे लेसरची, असे नव्हे. आणि कोणतीही प्लेट असो, ऊन नाही तर वीज नाही. रात्री वीज हवी तर दिवसा बॅटरीत साठवावी लागते.

आम्ही प्लेट उलटी केली. वहिनी वर्षभर रात्रीच्या वर्गाला येत होत्या. त्यांनी मागच्या चिठ्ठीवर बोट ठेवून स्वतः वाचले, "४० वॅट." विक्रेत्याने प्लेट उचलली आणि वाट धरली.

आधी चिठ्ठी वाचावी, पावती घ्यावी, मगच पैसे द्यावेत.