चोंदलेले नाक आणि पोटात घ्यावयाची औषधे

कुंभकोणम् शहराला लागून असलेले दारासुरम् हे गाव ऐरावतेश्वराच्या बाराव्या शतकातील मंदिरासाठी आणि रेशमी विणकामासाठी प्रसिद्ध आहे. कावेरीच्या या मुखप्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. महाराष्ट्रात आषाढ-श्रावणात ऐकू येणारी तक्रार येथे आश्विन-कार्तिकात ऐकू येते: नाक चोंदले आहे, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मिरीचे रसम् आणि वाफारा हे जुने उपाय अजूनही केले जातात. पण आता त्यांच्या जोडीला दुकानातील सर्दीची गोळी आली आहे. ही गोळी करते तरी काय?

नाक शेंबडाने चोंदते, हा समज अर्धाच खरा आहे. नाकाच्या आतील उंचवट्यांवर जी श्लेष्मल त्वचा असते, तिच्यात शिरांचे स्पंजासारखे जाळे असते. सर्दीत या शिरा रक्ताने फुगतात व श्वासाची वाट अडते. त्या आकुंचन पावल्या की वाट मोकळी होते. हे आकुंचन घडवून आणण्याचे काम शरीरात नॉरअॅड्रिनॅलिन हे द्रव्य करीत असते. इफेड्रा या झुडपात इफेड्रिनच्या जोडीने आढळणारे स्यूडोइफेड्रिन मज्जातंतूंच्या टोकांतून हेच द्रव्य बाहेर पडावयास लावते. प्रौढ व्यक्तीस ६० मिलिग्रॅमची मात्रा दिल्यास अर्ध्या तासात आराम पडू लागतो व तो चार ते सहा तास टिकतो. विमानप्रवासात दुखणाऱ्या कानांसाठीही प्रौढांना त्याचा उपयोग होतो. नाकात टाकावयाचे थेंब अधिक त्वरित गुण देतात हे खरे. मात्र ते आठवडाभर वापरले, तर थेंबांनीच नाक पुन्हा चोंदू लागते. गोळीत हा दोष नाही.

दोष आहे तो निराळा. पोटातून रक्तात गेलेले औषध नाकापुरते थांबत नाही. ते सर्वच रक्तवाहिन्यांना आवळते, हृदयाची गती वाढविते, झोप उडविते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदूचा एक प्रकार किंवा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असलेल्यांनी म्हणूनच ते वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. याच कुळातील फिनाइलप्रोपॅनोलॅमिन तर मेंदूतील रक्तस्रावाशी निगडित असल्याचे अमेरिकेत २००० साली दिसून आले. भारत सरकारने त्याची विक्री फेब्रुवारी २०११ मध्ये थांबविली.

स्यूडोइफेड्रिनवर संकट आले ते त्याच्या गुणामुळे नव्हे. त्यापासून मेथअँफेटॅमिन हे घातक मादक द्रव्य सहज बनविता येते, म्हणून देशोदेशी त्याच्या व इफेड्रिनच्या व्यवहारावर निर्बंध आले. २०१६ मध्ये सोलापूरच्या एका कारखान्यात ठाणे पोलिसांनी कित्येक टन इफेड्रिन पकडले, ते याच व्यवहाराच्या शोधात. औषधकंपन्यांनी मग फिनाइलएफ्रिनकडे मोर्चा वळविला. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वाढविण्यासाठी शिरेतून, बाहुली विस्फारण्यासाठी डोळ्यात, आणि थेट नाकात दिल्यास हे औषध उत्तम काम करते. गिळले असता मात्र आतड्याची भिंत व यकृत त्याचे असे रूपांतर करून टाकतात की त्याचा जेमतेम शतांश भागच सक्रिय रूपात रक्तात पोचतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने निर्वाळा दिला की, प्रचलित मात्रेत पोटातून दिलेले फिनाइलएफ्रिन नाक मोकळे करीत नाही. आपल्याकडील सर्दीच्या कित्येक गोळ्यांत ते आजही असते. आराम वाटतो तो बहुधा सोबतच्या पॅरासिटॅमॉलमुळे.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पैसे वाया जाण्याचा राहत नाही. क्लोरफेनिरॅमिन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. त्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती, तोच २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात किमान वीस बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. काहींना उपचारांसाठी नागपुरास आणले होते. त्यांना दिलेले पातळ औषध तमिळनाडूतच, कांचीपुरम् जिल्ह्यात तयार झाले होते आणि त्यात हेच मिश्रण पॅरासिटॅमॉलसह होते. मृत्यूचे कारण फिनाइलएफ्रिन नव्हते. तपासणीत औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. त्याचे प्रमाण होते सुमारे ४८ टक्के, मर्यादा ०.१ टक्का. तथापि ज्या सर्दीला बहुतेक वेळा मिठाच्या पाण्याचे थेंब, अंगावरचे दूध आणि चार दिवसांची विश्रांती पुरते, तिच्यासाठी ती बाटली घरात आली होती.