टाइलच्या मागे काय आहे?



उभे पीक वरून हिरवेगार दिसते आणि एके दिवशी अचानक माना टाकते. उपटून पाहावे, तर मुळाशी पाणी साचून मुळे कुजलेली असतात. अशा वेळी आपण पिकाला दोष देत नाही, निचऱ्याला देतो. न्हाणीघरातल्या टाइल्सचेही तसेच आहे. टाइल चकचकीत दिसते, पण भिंत टिकते ती टाइलच्या मागे काय आहे त्यावर. हे मला कॉलेजात कोणी शिकवले नाही. थोरल्या बहिणीच्या घराने शिकवले.

रबाळ्याच्या घरातला अनुभव

माझी थोरली बहीण रबाळ्यात दिलेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे हे गाव. एकेकाळी इथे भातखाचरे होती. 1970 साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली, आणि आता गावठाणाच्या चहूबाजूंनी कारखाने व इमारती आहेत. जागा वाढत नाही, कुटुंब मात्र वाढते. भाच्याचे लग्न ठरले तेव्हा जुन्या घरावर एक खोली आणि न्हाणीघर चढवायचे ठरले.

विटांच्या भिंतीचा भार जुन्या घराला सोसणार नव्हता. म्हणून लोखंडी चौकट उभी करून त्यावर प्लायवूड ठोकावे आणि वर टाइल्स लावाव्यात, असे मीच सुचवले. काम स्वस्तात झाले. सगळ्यांनी कौतुक केले.

तिसऱ्या पावसाळ्यात अक्काचा निरोप आला, "एकदा येऊन जा." गेलो. अंघोळीच्या बाजूच्या चार टाइल्स निखळून पडल्या होत्या. नातू नेमका त्या वेळी पाटावर नव्हता, एवढेच नशीब. उरलेल्या टाइल्सवर बोटाने ठोकले, तर पोकळ आवाज. मागचे प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले होते, आणि पाणी झिरपत खालच्या सागवानी तुळईपर्यंत पोचले होते. अक्का रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तू शेतातलं पाणी ओळखतोस, घरातलं कसं नाही ओळखलंस?"

चूक कुठे झाली?

टाइलमधून पाणी फारसे जात नाही, पण दोन टाइल्समधल्या सांध्यांतून ते हळूहळू मागे जातेच. प्लायवूड पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर आखडते. टाइल मात्र हलत नाही. मग पकड सुटते. जिप्समचा बोर्ड तर ओला झाला की मऊ पडून त्याचा भुगा होतो.

अशा हलक्या भिंतीला सिमेंटचा बोर्ड लावावा. तो कुजत नाही, फुगत नाही. मात्र तो पाणी अडवतो असे समजू नये. पाणी अडवतो तो त्यावरचा लेप.

तुम्हाला बोर्ड लागेल का?

भिंत विटांची असेल तर बोर्डाचा खर्च करू नये. सिमेंटचा चांगला गिलावा करून त्यावर सात दिवस पाणी मारावे, तो वाळू द्यावा, पाणीरोधक लेप द्यावा आणि टाइल्स लावाव्यात. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीवर थेट टाइल्स लावू नयेत. माती त्यांचे ओझे धरत नाही. तिथे भिंतीपासून थोडी सुटी चौकट उभारून बोर्ड लावता येतो. घरावर खोली चढवायची असल्यास आधी जाणकार इंजिनिअरला दाखवावे.

काम असे करावे

1. चौकट जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. उभ्या पट्ट्यांत 16 इंचांपेक्षा जास्त अंतर नसावे. ओळंबा लावून पाहावा.

2. नळाच्या पाइपांत पाणी सोडून गळती तपासावी, मगच भिंत बंद करावी.

3. बोर्ड ओल्या जागेत चालणारा, साधारण 12 मिलिमीटर जाडीचा घ्यावा. त्यावर आय. एस. 14862 हा मानकांक पाहावा.

4. बोर्ड जमिनीला टेकवू नये. खाली पाव इंच फट ठेवावी, नाहीतर तो खालून पाणी ओढतो. दोन बोर्डांमध्ये 3 मिलिमीटर जागा सोडावी. न गंजणारे स्क्रू 8-8 इंचांवर मारावेत.

5. सांध्यांवर सिमेंटमध्ये टिकणारी काचतंतूची जाळीपट्टी लावून ते टाइल ॲडहेसिव्हने भरावेत.

6. आता मुख्य काम. पाणीरोधक लेपाचे दोन हात द्यावेत. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. जमिनीचा लेप भिंतीवर अखंड चढवावा. पाणी उडते तिथे निदान 6 फुटांपर्यंत, आणि शॉवर असल्यास त्याच्याही वरपर्यंत लेप हवा.

7. आय. एस. 15477 मानकाचे ॲडहेसिव्ह दातेरी थापीने पसरून टाइल बसवावी. चार कोपऱ्यांत मसाल्याचे गोळे ठेवून ती चिकटवू देऊ नये. मागे पोकळी राहते. कोपरे आणि जमिनीचा सांधा सिलिकॉनने भरावा.

बोर्ड कापताना उडणारी धूळ छातीला वाईट असते. नाकातोंडाला मास्क लावावा, लहान मुलांना दूर ठेवावे. पैसे वाचवायला जुना ॲसबेस्टॉसचा पत्रा कापून मुळीच वापरू नये.

शेवटी एवढेच

आम्ही अक्काचे न्हाणीघर पुन्हा बांधले. तुळईचा कुजलेला तुकडा काढून नवा जोड दिला. पहिल्या कामात जे वाचवले त्याहून जास्त खर्च झाला, आणि सूनबाईला दोन महिने शेजारच्या घरी अंघोळीला जावे लागले. हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नसतो.

तुमच्या घरी, किंवा शहरात नोकरीला असलेल्या मुलाच्या खोलीत टाइल्स लावायच्या असतील, तर रंग आणि नक्षी निवडण्याआधी गवंड्याला एकच प्रश्न विचारा, "टाइलच्या मागे काय लावणार?" त्याचे नीट उत्तर मिळेपर्यंत पहिली टाइल लावू देऊ नका.