विश्लेषण : घाटात ट्रकचा गिअरबॉक्स का तापतो? वेगळा ऑइल कूलर बसवून फायदा होतो का?

मोहने-आंबिवली पट्ट्यातील एनआरसी कंपनी 2009 मध्ये बंद पडली. आता त्याच जागेवरील सिमेंट ग्राइंडिंग प्रकल्पाचा प्रस्ताव आणि त्याला होणारा स्थानिकांचा विरोध यांमुळे अवजड वाहनांची चर्चा पुन्हा सुरू आहे. इथून माल घेऊन घाटमाथ्याकडे निघालेल्या ट्रकला मुरबाडमार्गे गेल्यास माळशेज, तर पडघामार्गे गेल्यास कसारा घाट चढावा लागतो. गिअरबॉक्सची खरी परीक्षा तिथेच होते.

उष्णता येते कुठून?

साध्या, हाताने गिअर बदलायच्या गिअरबॉक्समध्ये दात एकमेकांवर घासून आणि तेल घुसळून दोन-चार टक्के शक्ती वाया जाते. अडीचशे अश्वशक्तीच्या इंजिनावर ही उष्णता साधारण पाच-सहा किलोवॉट भरते, म्हणजे घरातल्या पाच-सहा विजेच्या शेगड्यांइतकी. ती बाहेरच्या कवचातून हवेत जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गणित वेगळे आहे. त्यातील टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे देतो. चढणीवर वेग कमी असताना तो घसरतो आणि अशा वेळी वीस टक्के शक्ती जरी वाया गेली, तरी उष्णता 35 किलोवॉटच्या पुढे जाते. म्हणूनच खाणीतील टिपर, अग्निशमन बंब आणि काही शहर बस अशा ऑटोमॅटिक वाहनांत कूलर मुळातच असतो. अनेकदा तो रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो.

घाटात येणारा जळका वास मात्र बहुतेक वेळा क्लच प्लेटचा असतो. ‘गिअरबॉक्स तापला’ म्हणून तेल बदलून तो जाणार नाही.

आताच हा प्रश्न का?

2018 मध्ये तीन अक्षांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा 25 टनांवरून 28.5 टन झाली. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चालकांसाठी तो हवाच होता. पण एसीचा कंडेन्सर सहसा रेडिएटरच्या पुढे बसतो आणि त्यातून निघालेली गरम हवाच मागे जाते. सिमेंटची भुकटी तेलकट जाळीवर बसून घट्ट झाली, की उरलीसुरली हवाही अडते. त्यामुळे नवा कूलर घेण्याआधी जाळी धुऊन पाहावी. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

कूलर कसा बसवावा?

आधी तापमान मोजणारा सेन्सर लावावा. ऑटोमॅटिकचे तेल साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसमध्ये बरे चालते. ते सतत 120 च्या वर राहू लागले, तर चिंता करावी. तेलाबाबत ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांनी त्याचे आयुष्य निम्मे होते. वेगळा हवेवर चालणारा कूलर रेडिएटरमधील कूलरच्या पुढे, त्याच्याशी एका ओळीत जोडतात. गिअरबॉक्समधून निघालेले तेल आधी रेडिएटरमध्ये, मग नव्या कूलरमध्ये आणि तिथून परत. पाइप हायड्रॉलिक दर्जाचा आणि जोड यंत्राने दाबून बसवलेले असावेत. डिझेलचा पाइप क्लॅम्पने आवळून बसवणे म्हणजे तापलेल्या एक्झॉस्टवर तेल सांडण्याची सोय करणे होय. तेल दुधाळ दिसले तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून पाणी मिसळले आहे असे समजावे. मग नवा कूलर नको, आधी दुरुस्ती.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेल ढकलणारा पंप सहसा नसतो, त्यामुळे बाहेरचा कूलर थेट जोडता येत नाही. काही अवजड गिअरबॉक्समध्ये कंपनीनेच पंप व कूलरची सोय दिलेली असते. इतरांनी योग्य ग्रेडचे तेल योग्य पातळीपर्यंत भरावे. ‘जास्त घातले तर थंड राहील’ हा समज उलटा आहे. जास्त तेल जास्त घुसळते आणि जास्त तापते.

वॉरंटी आणि उतरण

वॉरंटी शिल्लक असेल, तर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय पाइपला हात लावू नये. मालकाने पैसे वाचवले आणि घाटात गाडी अडली, तर रात्र चालकाला काढावी लागते.

उतारावर हायड्रॉलिक रिटार्डर असलेल्या गाडीत ब्रेकची उष्णता इंजिनाच्या पाण्यात जाते. तेव्हा न्यूट्रल किंवा वरचा गिअर ठेवला तर इंजिनाचे फेरे घटतात, पाण्याचा पंप आणि पंखा मंदावतात आणि पाणी उकळू लागते. खालच्या गिअरमध्ये उतरले, तर दोन्ही वेगाने फिरत राहतात. चढ संपल्यावर सुरक्षित जागी थांबल्यास ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन लगेच बंद करू नये. न्यूट्रलमध्ये चार-पाच मिनिटे चालू ठेवले, की तेल कूलरमधून फिरून निवते.