लिलाव संपला, आता जेवायला कुठे?

नाशिक शहरात मिसळ कुठे खावी, हे रिक्षावालाही सांगतो. लासलगाव, उमराणे किंवा पिंपळगाव बसवंतला उतरलेला पाहुणा मात्र बुचकळ्यात पडतो. समोर पाच-सहा हॉटेलं, सगळ्यांच्या दारात कढई, सगळ्यांच्या पाटीवर ‘स्पेशल’. यातलं चांगलं कोणतं? माझं उत्तर ठरलेलं आहे. माल विकायला आलेला शेतकरी आणि तो माल उतरवणारा हमाल जिथे जेवतो, तिथे बसावं. ही माणसं पहाटेपासून उपाशी असतात, पैसा मोजून खर्च करतात आणि चव बिघडली तर दुसऱ्या दिवशी समोरच्या हॉटेलात जाऊन बसतात. त्यांच्यापेक्षा कडक परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

म्हणून या लेखात हॉटेलांची नावं जवळजवळ नाहीत. जागा, वेळा आणि पदार्थ आहेत. बाजारगावात पाटी वर्षानुवर्षं तीच राहते, पण आतला आचारी बदलतो. पाटी पाहून गेलं तर फसायला होतं. वेळ साधून गेलं तर सहसा होत नाही.

बाजाराचं घड्याळ

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ अशी तिची ओळख सांगितली जाते. तिथलं खाणं समजून घ्यायचं तर आधी तिथला दिवस समजून घ्यावा लागतो.

लांबच्या गावातून कांदा भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारातच निघते. सकाळी आवारात वाहनांच्या रांगा लागतात. लिलाव सकाळी आणि दुपारी, अशा दोन सत्रांत होतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी येतो, कुणी चार कांदे हातात घेऊन दाबून बघतो, क्विंटलचा भाव पुकारला जातो आणि बघता बघता घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल एवढ्या वेळात लागतो. त्यानंतर वजनकाटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायचा. तिथे ‘वांधा’ निघू शकतो. वर चांगला माल आणि आत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निघाली, असं व्यापाऱ्याने म्हटलं की पुन्हा घासाघीस सुरू. हिशोबपट्टी हातात पडून पैशाचं ठरेपर्यंत घरच्या भाकरीवर निघालेल्या माणसाच्या पोटात नुसता चहा असतो.

यातून बाजारगावाच्या भुकेच्या तीन वेळा ठरतात. पहाटेची रांगेतली वेळ चहा-पोह्यांची. लिलाव सुरू होण्याआधीची मिसळ-भज्यांची. आणि माल खाली झाल्यावरची पोटभर जेवणाची. हॉटेल कितीही चांगलं असलं तरी चुकीच्या वेळी गेलात तर थंड पोहे आणि पाणी घालून वाढवलेला रस्सा वाट्याला येतो.

मिसळ: लिलावाच्या आधी

नाशिकची मिसळ म्हणजे मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण किंवा शेव, वेगळ्या भांड्यात झणझणीत रस्सा आणि सोबत पाव, कांदा, लिंबू, दही, पापड. शहराभोवती आता चुलीवरच्या मिसळीची मोठी ठिकाणं झाली आहेत. बारदान फाट्याकडची ‘साधना’ हे त्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव. तिथे रविवारी सकाळी घरची सगळी मंडळी घेऊन जावं, हे खरंच.

बाजारगावची मिसळ यापेक्षा साधी. दही मागितलं तर मिळतं, नाही तर नाही. झोपाळे नसतात, खुर्ची डगमगते. पण रस्सा ताजा असतो, कारण पातेलं सकाळीच चुलीवर चढतं आणि लिलावाचं पहिलं सत्र रंगात येईपर्यंत रिकामं होतं. माझा अनुभव असा की पहिल्या पातेल्याचा रस्सा आणि अकरा वाजताचा रस्सा हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पहिल्यात मसाल्याचा तवंग वर असतो आणि खाली मटकी अखंड असते. दुसऱ्यात मटकी विरघळलेली असते आणि तिखट नुसतं घशाला लागतं. रस्सा पुन्हा मागायला लाजू नये. तिथे सगळेच मागतात, आणि वाढणारा न विचारता वाढत असेल तर ते हॉटेल लक्षात ठेवावं.

कांदाभजी लासलगावात खावी हे सांगायला नको. भजी तळून ठेवलेल्या ढिगातून घेऊ नयेत. कढईतून निघेपर्यंत उभं राहावं. कांदाही हंगामाप्रमाणे बदलतो. हिवाळ्यातला लाल कांदा रसरशीत आणि टिकायला कच्चा, तर एप्रिलपासून येणारा उन्हाळ कांदा घट्ट, चाळीत महिनोन्‌महिने राहणारा. उन्हाळ कांदा पातळ चिरता येतो, पाणी कमी सोडतो, म्हणून त्याची भजी जास्त कुरकुरीत होतात. ताटातला कच्चा कांदा मात्र मला लालच आवडतो.

आवाराबाहेरच्या खानावळी

जेवणासाठी बाजार समितीच्या मुख्य फाटकासमोरची रांग सोडून द्या आणि वजनकाट्याच्या किंवा खळ्यांच्या बाजूला चला. हमाल, मापारी, ट्रकचे ड्रायव्हर तिकडे जेवतात. चांगल्या खानावळीची खूण डोळ्यांआधी कानांना कळते: भाकरी थापल्याचा आवाज. एखादी मावशी दर्शनी भागातच चुलीपाशी बसलेली असते आणि भाकरी एकेक करून, फुगलेली, थेट ताटात येते. गठ्ठ्याने करून फडक्यात गुंडाळलेली भाकरी दिसली तर पुढचं हॉटेल बघावं. बाजरी थंडीत, ज्वारी उन्हाळ्यात, हा नेम अजून पाळला जातो, आणि निफाडची थंडी अंगावर घेतलेल्या माणसाला बाजरीची किंमत सांगावी लागत नाही.

पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत किंवा भरलं वांगं, मटकीची आमटी, भात. यादी एवढीच. यादी जितकी लांब, तितकं जेवण शिळं, असा माझा अंदाज आजवर क्वचितच चुकला आहे.

पैसे अगदीच कमी असतील तर शिवभोजन थाळीची पाटी शोधावी. राज्य सरकारने ही योजना २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपये थाळी या दराने सुरू केली. ताटात दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. एसटी स्टँड, बाजार समित्या, सरकारी दवाखाने अशा वर्दळीच्या जागी ही केंद्रं उघडली आणि काही महिला बचत गटांनी चालवायला घेतली. जिथे बायकांनी मनावर घेतलं आहे, तिथलं वरण घरच्यासारखं लागतं.

शेवभाजी आणि काळा मसाला

चांदवड ओलांडून उत्तरेला निघालात की तुम्ही कसमादेत शिरता. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांचं हे नाव. कानावर अहिराणी पडू लागते आणि रस्स्याचा रंग काळसर होतो. इथे खायची गोष्ट शेवभाजी.

शेवभाजीची सगळी करामत वाटणात. कांदा विस्तवावर किंवा तव्यावर पार काळपट होईपर्यंत भाजतात. सुकं खोबरंही तसंच खरपूस करतात. त्यात आलं, लसूण आणि भाजलेले खडे मसाले वाटतात. हे वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परततात, मग गरम पाणी. थंड पाणी घातलं की तवंग बसतो, असं बायका सांगतात, आणि घरी करून पाहिल्यावर मला ते पटलं आहे. कांदा कमी भाजला तर रस्सा गोडसर होतो, जास्त जळला तर कडू. ही रेषा सांभाळणारा आचारी हाच त्या हॉटेलचा खरा मालक.

शेव साधी नायलॉन शेव नव्हे. जाड, तिखट, घट्ट मळलेल्या बेसनाची, भाजीसाठी म्हणून वेगळी मिळणारी. ती उकळत्या रस्स्यात अगदी शेवटी पडली पाहिजे. पाच मिनिटं जास्त गेली की लगदा होतो. ऑर्डर देताना ‘शेव वेगळी द्या’ म्हणा आणि ताटात स्वतः घाला. हॉटेलवाल्याला याचं वाईट वाटत नाही, उलट खाणारा माणूस आला म्हणून तो रस्सा जरा वरून काढून देतो.

याच वाटणात काळं मटण होतं. थाळीत सुकं, रस्सा आणि कधी कधी अळणीची वाटी येते. अळणी म्हणजे हळद-मीठ घालून शिजवलेल्या मटणाचं पाणी. ते आधी प्यावं. मटण ताजं आहे की नाही हे तिथेच कळतं, कारण त्यात लपवायला मसाला नसतो. श्रावणात आणि सोमवार-गुरुवारी मटणाला गिऱ्हाईक कमी, तेव्हा त्या दिवशी मागू नये. मटण नको असेल तर पाटवड्यांचा रस्सा किंवा कळण्याची भाकरी आणि ठेचा विचारावा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी हॉटेलात क्वचित मिळते, पण मिळाली तर दुसरं काही घेऊ नये.

महामार्गाचे ढाबे

मुंबई-आग्रा महामार्ग घोटी, ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड, उमराणे करत मालेगावला जातो, आणि ढाबे त्याच्या दोन्ही अंगाला आहेत. पिंपळगावात टोमॅटोचा हंगाम साधारण ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत चालतो. वीस किलोच्या क्रेटमध्ये माल विकला जातो आणि ट्रक उत्तर भारताच्या दिशेने जातात. तिकडचे व्यापारी आणि ड्रायव्हर महिनोन्‌महिने इथे राहतात, म्हणून पिंपळगावच्या परिसरात तंदुरी रोटी आणि दाल तडका मनापासून केलेला मिळतो. इतर ठिकाणी ढाब्यावर पंजाबी भाज्यांच्या नादी लागू नये. एकाच लाल रस्स्यात पनीर, काजू आणि मटार आळीपाळीने बुडवलेले असतात.

मालेगावची गोष्ट वेगळी. यंत्रमागांचं हे शहर रात्रपाळी करतं, त्यामुळे चहाची दुकानं आणि बिर्याणी, पाया करणारी हॉटेलं उशिरापर्यंत जागी असतात. कारागिरांची अनेक घराणी उत्तर प्रदेशातून आली, त्यांच्या स्वयंपाकाची ओढ अजून तिकडची आहे.

आठवडे बाजारातलं उभ्याउभ्या

प्रत्येक गावाचा बाजारवार ठरलेला असतो. नाशिकचा गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार तर जुनाच. या दिवशी हॉटेलपेक्षा पालाखालचं खाणं खरं. भेळभत्ता कागदात बांधून मिळतो आणि सोबत तळलेली, मीठ लावलेली मिरची. गरम जिलेबी वजनावर. गुळाची गोडीशेव घरी वाट बघणाऱ्या पोरांसाठी. बाजारातून आलेल्या आजोबांच्या पिशवीत सगळ्यांत वर काय आहे, हे बघायला धावलेल्या पिढीला मी हे वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्यात रसवंती. निफाडचा पट्टा उसाचा, तरी अनेक रसवंत्यांवर नाव ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ दिसतं. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातली माणसं या धंद्यात राज्यभर पसरली आणि आपलं दैवत पाटीवर घेऊन गेली. बर्फ नको म्हणून सांगावं, लिंबू-आलं मागावं.

मनमाडची पंगत

मनमाडला गाडी चुकली, खिसा रिकामा झाला किंवा नुसतंच चांगलं जेवावंसं वाटलं, तर गुरुद्वारा गुप्तसर साहिबमध्ये जावं. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला जाणारे भाविक इथे थांबतात. लंगरात कुणाला जात, गाव, धर्म विचारत नाहीत. डोकं झाकून पंगतीत बसायचं, हवं तेवढं घ्यायचं, टाकायचं नाही. कांद्याच्या भावात मार खाल्लेला शेतकरी आणि पंजाबातून आलेला यात्रेकरू शेजारी शेजारी जेवू शकतील अशी ती जागा आहे.

पश्चिमेला गेलात तर

घोटीकडे भात, तोही गिरण्यांच्या गावातला ताजा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगराळ भागात नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. ती हॉटेलात सहसा नसते, कारण घरच्या जेवणाला कुणी पैसे देईल असं तिथल्या माणसाला अजून वाटत नाही. ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तेव्हा आदिवासी महिलांच्या हातचं खायला जरूर जावं.

बायकांना बसायला जागा

खळ्यांवर कांदा निवडायला शेकडो बायका असतात. त्या हॉटेलात जेवत नाहीत. फडक्यात आणलेली भाकरी कांद्याच्या ढिगाआड बसून खातात. मजुरीचा हिशोब हे एक कारण. दुसरं असं की बहुतेक हॉटेलांत त्यांना बसवेल अशी जागाच नाही, हात-पाय धुवायला आडोसा नाही. म्हणून मी हॉटेल पारखताना आणखी एक गोष्ट बघतो: आत एकटी बाई निवांत जेवताना दिसते का. दिसली तर पाणी स्वच्छ असतं, बाक पुसलेला असतो आणि मालक आरडाओरडा करत नाही. अशी हॉटेलं कमी आहेत, आणि त्यांना मुद्दाम गिऱ्हाईक द्यावं.

निघण्याआधी

बाजार बंद असेल तर जाऊ नये. सणवारी लिलाव नसतात, काही ठिकाणी अमावस्या पाळायची जुनी प्रथा होती. शिवाय बंद अचानकही येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, तेव्हा जिल्ह्यात लिलाव थांबले. डिसेंबरात निर्यातबंदी आली, तेव्हा पुन्हा. अशा दिवशी मावशी चूल पेटवत नाहीत, कारण कुणासाठी पेटवणार? फाटकाशी चहावाला तेवढा असतो, आणि येणारा प्रत्येक जण त्याला एकच विचारतो: लिलाव कधी?