शिक्षकाची अब्रू आणि पालकांचा राग

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत घडलेली गोष्ट. सहामाहीत मुलाला गुण कमी पडले म्हणून एक पालक थेट सातवीच्या वर्गात शिरले आणि साऱ्या मुलांदेखत तरुण शिक्षिकेला नको ते बोलले. आम्ही शेजारच्याच वर्गात होतो. धावत गेलो, पण व्हायचे ते होऊन गेले होते. बाई त्या दिवशी रडल्या नाहीत. वर्षअखेरीस मात्र त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्यासारखे गणित शिकविणारे माणूस शाळेस पुन्हा मिळाले नाही. त्या पालकांना शाळेने जाब विचारला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. ही खंत आहे म्हणूनच हे लिहीत आहोत.

पालकांचा राग नेहमीच अकारण असतो असे नाही. मुलास मारणे हा शिक्षकाचा हक्क नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. हे कलम मोडणाऱ्या शिक्षकाविरुद्ध पालकाने अवश्य तक्रार करावी. परंतु तक्रार निराळी आणि शिवीगाळ निराळी. तक्रारीने चौकशी होते. शिवीगाळीने फक्त भीती पसरते, आणि भ्यालेला शिक्षक चुकलेल्या मुलास चूक सांगेनासा होतो. नुकसान मुलाचेच.

कायदा शिक्षकास अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१, शांतताभंग घडविणाऱ्या हेतुपुरस्सर अपमानासाठी ३५२ आणि मारहाणीत इजा केल्यास ११५ ही कलमे आहेत. ती सर्व नागरिकांसाठी आहेत. सरकारी वा नगरपालिकेच्या शाळेतील शिक्षक लोकसेवक असल्यामुळे, त्यास कामापासून रोखण्यासाठी हल्ला केल्यास कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत आणि इजा केल्यास कलम १२१ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खासगी शाळांतील शिक्षकांनी मात्र या दोन कलमांवर विसंबू नये.

पण पोलीसठाणे हा शेवटचा उपाय. त्याआधी शाळेने करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. तास चालू असता कोणाही पालकास वर्गात सोडू नये. भेट मुख्याध्यापकांच्या खोलीत, ठरल्या वेळी आणि तिसऱ्या माणसासमक्ष व्हावी. कटु प्रसंग घडल्यास तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द व साक्षीदार यांची त्याच दिवशी नोंद करून सह्या घ्याव्यात. व्हॉट्सॲपवर आलेले अपशब्द रागाने पुसून टाकू नयेत, उत्तरही देऊ नये. ते जपून ठेवावेत. पालकास पत्र जावे ते शाळेच्या नावाने, एकट्या शिक्षकाच्या नव्हे. आमच्या बाई एकट्या पडल्या, तेथेच आम्ही चुकलो.

सरकारी व अनुदानित शाळांसाठी याच शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. पालकांशी नियमित भेटी घेणे हेही शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. या भेटी वेळच्या वेळी झाल्या, तर मनातील किल्मिष साठत नाही. समितीतील समजूतदार पालकाने चिडलेल्या पालकाला सांगितलेले दोन शब्द नोटिसीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

शेवटी घरची एक आठवण. आमच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. एकदा उस्तादांनी आम्हांस विनाकारण शिक्षा केली असे त्यांना वाटले. ते मगरिबनंतर उस्तादांच्या घरी गेले, आम्हांस बाहेर ओट्यावर बसविले आणि आत जाऊन बोलले. काय बोलले ते आम्हांस आजवर कळलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शिक्षा थांबली, आणि उस्तादांविषयी आमच्या मनातील आदर तसूभरही कमी झाला नाही. तक्रार कशी करावी हे आम्ही त्या ओट्यावर शिकलो.