गाडी पनवेलची, पाटी आपली!

एस.टी.चं १:७२ मॉडेल केलं, पण मराठी पाटी कुठे मिळेना. मग डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायचं पातळ चित्र, मी स्वतःच छापलं. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. म्हणून पांढऱ्या डेकल पेपरवर भोवतालचा लाल छापायचा, अक्षरं कोरी सोडायची. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. आधी क्लिअर लॅकरचे दोन-तीन पातळ हात द्या. माझी पहिली शीट घाईत मगातच धुतली गेली! दुसऱ्या वेळी इंचभर जाडीची मात्रा ०.३५ मिमी उरली, लाल शाई पसरून बुजली. रूममेट म्हणाला, "अरे कॉन्व्हेंट, गाडी 'पनवल'ला चालली!" मात्रा जाड केली, तेव्हा कुठे गाडी पनवेलला पोचली.